पुढचं गाव

होनोरातानं बटाट्यांच्या टोपलीतला छोटा काळा रेकॉर्डर चिमटीत उचलला आणि नेऊन कुंपणाच्या दगडी भिंतीवर ठेवला.

"इथं असू दे. टोपलीत राहिला तर सालांबरोबर डुकरापुढं जाईल. मग बस डुकराची मुलाखत ऐकत."

इव्होन हसली. शहरातल्या विद्यापीठाची ही मुलगी आठवडाभर डोंगरातली गावं पालथी घालत होती. पोलीस धरून नेतात तेव्हा खेड्यातल्या गरिबाचं, आजाऱ्याचं, डोक्यानं अधू असलेल्या माणसाचं कोठडीत काय होतं, हे तिला शोधायचं होतं. एवढं कळायला इतकी वर्षं शिकावं लागतं का, असं होनोरातानं तिला पहिल्याच दिवशी तोंडावर विचारलं होतं. पण निजायला आपली खोली दिली होती, आणि सकाळच्या हिरव्या सारात अंडंही फोडून घातलं होतं. आलेल्या माणसाला उपाशी ठेवून टोमणे मारण्यात काय मजा?

"तुमच्या भाच्याचं सांगत होतात, दोन्या होनोराता." बाईमाणसाला मानानं दोन्या म्हणायची इथली रीत इव्होननं उचलली होती.

"काय सांगायचं! खालच्या चौकीत नेला. मोटरसायकल चोरली म्हणे. त्याला धड गाढवावर बसता येत नाही. बाहेर आला तो पुढचे दात आत ठेवून आणि गुन्हा कबूल करून. गाडी कुठं ठेवलीस विचारलं तर म्हणाला, साहेब म्हणतील तिथं." तिनं सोललेला बटाटा पाण्यात टाकला. "त्या कोठडीत भिंतीलाच बसवून ठेवलं ना, तर भिंतही कबूल होईल."

"आणि तुमच्या रोंदात?"

होनोरातानं पाठ ताठ केली. रोंदा म्हणजे गावांनी स्वतःच उभी केलेली राखण. पोलिसांवर विसंबून गुरं राहत नाहीत हे कळल्यावर डोंगरातल्या गावागावानं ती उभी केली होती, आणि या गावची अध्यक्ष होनोराता होती. बायकांचीही आणि पुरुषांचीही. कमरेला चामड्याचा चाबूक गुंडाळलेला. तो तिनं फार वेळा उगारला नव्हता. तिची जीभ पुरायची.

"आमच्याकडं कोठडी नाही, कुलूप नाही. आमच्याकडं कैदी चालतो. साखळी म्हणतात तिला. या गावानं त्या गावाच्या हवाली करायचा, त्यानं पुढच्या. दिवसा गावचं काम करायचं, रात्री राखणीला हिंडायचं. मिळेल ते सगळ्यांसोबत खायचं. हिंडता हिंडता माणूस आपसूक खरं बोलतो. आजवर आमच्याकडं कुणी खोटं कबूल झालेलं नाही. हे नीट भरून घे तुझ्या डबीत."

"एखादं उदाहरण?"

"उदाहरण तुझ्या मागं रवंथ करतंय."

इव्होननं वळून पाहिलं. भिंतीपलीकडं दालचिनी रंगाची, कपाळावर पांढरी चांदणी असलेली गाय उभी होती. पायाशी वासरू.

"कानेला. माळावरून गेली नाहीशी होऊन. चारायला नेली होती सिरिलोनं. माझाच धर्माचा मुलगा तो, बाप्तिस्म्याला मी हातावर धरलेला. तो मला मद्रीना म्हणतो, त्याची आई कोमाद्रे. डोकं जरा अर्धं आहे त्याचं. संध्याकाळी एकटाच उतरला. गाय कुठंय विचारलं, तर आभाळाकडं बघून हसला. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. माझ्या घरचा म्हणून सोडला असता तर उद्या रोंदाला कुणी विचारलं असतं? भर सभेत मीच सांगितलं, गाय कुठं आहे ते सांगेपर्यंत याला फिरवा." तिनं सुरी हवेत ओवाळली. "आणि बघ! साखळी चालू झाली आणि पेरणी संपायच्या आत गाय दारात. चोराच्या साथीदारांना घाम फुटला, दुसरं काय."

"त्यानं सांगितलं होतं का, कुठं आहे ते?"

होनोरातानं नवा बटाटा घेतला. साल जाड निघत होती. गाय आली त्या पहाटे तिच्या गळ्यातला दोर दगडावर घासून तुटल्यासारखा लोंबत होता. कुणी सोडलेला नव्हता. ते तिनं पाहिलं होतं, आणि दोर चुलीत घातला होता.

"गाय आली ना? मग झालं. मी दूधगाडीवाल्याजवळ निरोपही दिला, पोराला सोडा म्हणून."

"आता कुठं आहे तो?"

"गेला असेल समुद्राकडं, ऊस तोडायला. सगळी पोरं जातात. गेली की आईला विसरतात."

"त्याच्या आईशी बोलता येईल?"

"एउसेबियाशी? ती काय बोलणार! तिच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे खडकातून पाणी काढायचं."

कुत्री भुंकली. वरच्या पायवाटेनं चार माणसं उतरत होती. पुढं आबेलार्दो, डोंगरापलीकडच्या पुमाओर्को गावच्या रोंदाचा म्होरक्या, लग्नाला निघाल्यासारखी नवी टोपी घालून. मागं त्याची दोन माणसं, आणि मध्ये एक वाळका, दाढी वाढलेला इसम. त्याचे हात मोकळे होते. खांद्यावर घोंगडीचं गाठोडं. आबेलार्दो थांबला की तो थांबे, चालला की चाले.

"दोन्या होनोराता! तोंड गोड करायची तयारी ठेवा!" आबेलार्दो दुरूनच ओरडला. "तुमचा माणूस परत आणलाय. कबूल झाला!"

"कोण माणूस?"

"आता घ्या! स्वतः पाठवलेला कैदी ओळखेनात! सिरिलो, दुसरा कोण?"

होनोरातानं सुरी खाली ठेवली. सिरिलो गेल्यापासून बटाट्यांची एक काढणी होऊन गेली होती, दुसरी चालू होती. समोरच्या दाढीत तिला अजून पोर सापडत नव्हतं. मग तो आभाळाकडं बघून हसला.

"निरोप दिला होता," ती म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता. "सोडा म्हणून."

"आमच्यापर्यंत कसला निरोप? आम्हाला मागच्या गावानं सांगितलं, गाय कुठं ते सांगेपर्यंत फिरवायचा, दोन्या होनोराताचा हुकूम आहे. त्यांना त्यांच्या मागच्यांनी. तुमचा शब्द कोण मोडणार?" आबेलार्दोनं टोपी काढून घाम पुसला. "आणि खरं सांगू? कुणाला घाईही नव्हती. कामाला वाघ आहे हा. आमच्या अख्ख्या तळ्याचा बांध यानंच रचला."

"मारलंत?"

"देवाशपथ, बोट लावलं नाही! आम्ही काय पोलीस आहोत? भरपूर खायला घातलं. रोज संध्याकाळी शेकोटीशी बसवून विचारायचो, गाय नेलीस ना? नाही म्हणायचा. मग पुढं पाठवायचो. फिरून पुन्हा आमच्याकडं आला, पुन्हा विचारलं. माझ्या बायकोनं समजावलं, अरे, हो म्हण आणि घरी जा. आणि त्या दिवशी म्हणाला की हो! सांग रे सिरिलो, मद्रीनाला सांग."

सिरिलोनं गाठोडं खाली ठेवलं, हात मांडीला चिकटवले आणि शाळेतल्या पाठासारखं एका दमात म्हटलं, "दालचिनी रंगाची. कपाळावर चांदणी. मी नेली. खालच्या बाजारात विकली. सगळ्या गावांची माफी मागतो."

आबेलार्दोनं अभिमानानं सगळ्यांकडं पाहिलं. भिंतीवरच्या काळ्या डबीतला बारीक लाल दिवा जळत होता. इव्होनचा हात तोंडावर गेला होता.

तेवढ्यात सिरिलोला भिंतीपलीकडं काहीतरी दिसलं. त्याचा चेहरा उजळला. तो चार पावलं पुढं गेला, भिंतीवरून वाकला आणि गायीच्या कानामागं खाजवू लागला.

"कानेला," तो म्हणाला. "वासरू झालं तुला?"

आबेलार्दोनं गायीचं कपाळ पाहिलं, मग होनोराताचं.

"ही... दुसरी असेल," तो हळूच म्हणाला. "नवी घेतली असेल तुम्ही. तशीच मिळाली असेल."

तो तिला वाट काढून देत होता, हे तिला कळलं. हो म्हटलं असतं तर सगळं जागच्या जागी राहिलं असतं. चोरी कबूल झाल्यावर धर्माच्या आईनं पाठीवर चाबकाचे चार फटके द्यायचे आणि पोराला घरी सोडायचं, अशी रीत होती. फटके तिच्याच हातचे. ते हलके मारता आले असते. रोंदाचं नाव राहिलं असतं, आबेलार्दोची नवी टोपी राहिली असती, आणि सिरिलो कायमचा चोर झाला असता, एवढंच.

खालून एउसेबिया धावत आली. कुणीतरी तिला सांगितलं असणार. लोकर कातायची चाती अजून तिच्या हातात होती. तिनं मुलाला मिठी मारली नाही. त्याचे तळवे उलटे करून पाहिले, बोटं एकेक चाचपली.

"जेवलास?"

"जेवलो. सगळीकडं जेवलो, आई."

एउसेबिया होनोराताकडं वळली. "ऊस तोडायला गेलाय म्हणाली होतीस, कोमाद्रे."

एवढंच. लोक भिंतीशी जमू लागले होते.

"तीच गाय आहे," होनोराता म्हणाली. मोठ्यानं, सभेत बोलायची तशी. "कुणी नेली नव्हती, कुणी आणली नाही. आपल्या पायांनी आली. मला तेव्हाच माहीत होतं." मग ती सिरिलोपुढं जाऊन उभी राहिली. "ऐक, बाळा. तू गाय नेली नाहीस."

सिरिलोचा हात गायीच्या कानावरून निघाला.

"नेली, मद्रीना."

"नाही नेलीस. ती बघ, समोर उभी आहे. आत्ता हात लावलास ना तिला? म्हण, मी नाही नेली."

त्यानं आबेलार्दोकडं पाहिलं, त्याच्या माणसांकडं पाहिलं, आणि मग पुलाकडं, जिथून पुढल्या गावाची वाट सुरू होते. तो मागं सरकला.

"नेली. विकली. बाजारात विकली."

"सिरिलो! एकदा नाही म्हण. माझ्यासाठी म्हण."

त्याचे डोळे भरून आले. मान जोरजोरात हलवत तो म्हणाला, "नाही म्हटलं की पुढचं गाव."

होनोरातानं त्याच्या खांद्याकडं हात नेला. तो दचकून वाकला, पाठ पुढं करून. तिचा हात तसाच अधांतरी राहिला.

ज्या बाईच्या एका शब्दावर डोंगराच्या दोन्ही अंगांची गावं वर्षभर चालली होती, तिला एका अर्ध्या डोक्याच्या पोराकडून एवढासा शब्द काढून घेता येत नव्हता. इव्होननं हात लांब करून रेकॉर्डर बंद करायला घेतला.

"राहू दे चालू," होनोराता म्हणाली. मग आबेलार्दोकडं वळली. "खोटा आळ घेणाऱ्याचं काय करायचं, म्होरक्या?"

"दोन्या, आता तो विषय..."

"नियम सगळ्या गावांनी मिळून केलाय. मी होते, तूही होतास. काय ठरलं होतं?"

आबेलार्दो टोपीची कड बोटांनी फिरवत राहिला. "आळ घेणाऱ्यानं साखळीवर जायचं," तो शेवटी पुटपुटला. "पण तुमच्या वयाला..."

"नियमात वय होतं?"

ती घरात गेली. बाहेर आली तेव्हा अंगावर जाड शाल होती आणि फडक्यात भाजलेल्या मक्याची पुरचुंडी. कमरेचा चाबूक सोडून तिनं एउसेबियापुढं धरला. एउसेबियानं तो घेतला नाही. नको असंही म्हणाली नाही. होनोरातानं तो भिंतीवर ठेवला, दिवा जळत होता त्याच्या शेजारी.

"गाईला संध्याकाळी पाणी दाखव," ती इव्होनला म्हणाली. "आणि बटाटे काळे पडायच्या आत शिजव. शिकलेल्या माणसांना बटाटे शिजवता येतात ना?"

कुणी हसलं नाही. ती आबेलार्दोपाशी जाऊन उभी राहिली.

"पोचेपर्यंत अंधार होईल का?"

"सावकाश चालू, दोन्या," तो म्हणाला. त्याची मान वर होत नव्हती.

ते निघाले तशी सिरिलोनंही हालचाल केली. त्यानं डोळे पुसले, गाठोडं खांद्यावर टाकलं आणि होनोराताच्या मागं, एका पावलाचं अंतर ठेवून, चालायला उभा राहिला. त्याला कुणी चल म्हटलं नव्हतं. एउसेबियानं मागून त्याची बाही धरली. त्यानं वळून तिच्याकडं पाहिलं, आणि तिची बोटं एकेक करून, न दुखवता, सोडवायला लागला.