तळ्याला वळसा घालणारा रस्ता

मित्रांनो, हल्ली माझ्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालतात. हसू नका! याच सीटवर एके काळी नवऱ्या मुली आणि बिशप बसलेत. मी एक लांबलचक काळी मोटार. इंग्लंडातल्या कारखान्यात घडले आणि समुद्र ओलांडून आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर फिंटनकडे आले. विमानतळावरून पाहुणे घ्यायचे आणि डोंगर-तळ्यांच्या गावी सुखरूप पोहोचवायचे, हा आमचा धंदा. फिंटन मला रोज पुसायचा आणि वर टोमणाही मारायचा, "बाई गं, माझ्या बायकोपेक्षा तुझाच नट्टापट्टा जास्त!" मला ते ऐकायला फार आवडायचं.

एका एप्रिलात बोस्टनहून मॅलकी कॉइन नावाच्या म्हाताऱ्याने आमचं बुकिंग केलं. विमानतळावरून किलमोरनला, म्हणजे त्याच्या जन्मगावी जायचं, आणि दुसऱ्या दिवशी तळ्याला वळसा घालून यायचं. फेरफटक्याला माणसं दोन. दुसरं माणूस म्हणजे त्याची धाकटी बहीण नोरा. तरुणपणी घर सोडताना त्याने तिला शब्द दिला होता, येईन तो मोठ्या गाडीतून येईन आणि तुला तळ्याभोवती फिरवून आणीन. आज जातो, उद्या जातो करता करता आयुष्य निघून गेलं. शेवटी शेजारच्या ब्रीजचा फोन गेला, "नोराचं काही खरं नाही. येणार असशील तर ये बाबा."

त्या दिवशी पाऊस लागला होता. गुरांच्या रस्त्याने मी चिखलाने बरबटून गेले. शेवटचं मोठं गाव आलं तसा मॅलकी म्हणाला, "थांबव रे. ही अशी घाण गाडी दारात नेऊ?"

"अहो, तिला गाडी बघायचीय की तुम्हाला?"

"तुला नाही कळायचं, फिंटन. आयुष्यभर तिला नुसतं बोलून दाखवलं. आता येतोय तर नीट येऊ दे की!"

फिंटनने पेट्रोल पंपावर बादल्या ओतून मला धुतलं, पुसलं, चकचकीत केलं. मॅलकीने स्वतःच्या रुमालाने एक खिडकी पुसली आणि त्या बाजूच्या सीटवर नवी लोकरीची शाल पसरली. नोरा तिथे बसणार होती. खरं सांगते, मीही अगदी खुशीत होते.

आमच्याकडे रस्त्यात गाडी भेटली की चालक स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो, झाला रामराम. पण किलमोरनचा पूल ओलांडला आणि मेंढ्या हाकणाऱ्या म्हाताऱ्याने मला पाहून टोपी काढली, छातीवर क्रूसाची खूण केली. पुढे एक ट्रॅक्टर कडेला थांबला. ट्रॅक्टरवाल्यानेही टोपी काढली.

"बघितलंस?" मॅलकी हरखून हात हलवायला लागला. "कॉइनांना विसरले नाहीत लोक!"

फिंटनच्या मात्र सगळं लक्षात आलं. लोक मला मयताची गाडी समजले होते. आणि त्या रस्त्याला पुढे नोराचं एकच घर होतं. पण हे त्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं? त्याने नजर रस्त्यावरच ठेवली.

घराचे पडदे ओढलेले होते. ब्रीज एप्रनला हात पुसत फाटकाशी आली आणि तिने मॅलकीचे दोन्ही हात धरले.

"वाईट झालं रे, मॅलकी. मघाशीच गेली. सकाळपासून कोट घालून खिडकीशी बसली होती. सारखं आपलं, 'ब्रीज, गाडी दिसते का गं?'"

मॅलकीने वळून माझ्याकडे पाहिलं. मी लख्ख चमकत होते.

"गाडी धुवायला थांबलो, ब्रीज," तो म्हणाला आणि पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला. मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्या झळाळीची लाज वाटली.

आमच्याकडे मयताला लांबच्या वाटेने नेतात. निरोपाची घाई करू नये म्हणून. किलमोरनचं कब्रस्तान घरापासून हाकेवर. दफनाच्या दिवशी फिंटन मयताच्या गाडीवाल्याकडे गेला.

"तळ्याला वळसा घालून ने."

"वेडा का काय? तो तर सगळा डोंगर फिरून!"

"लांबूनच न्यायचं असतं ना? मग ने की."

ती गाडी पुढे, मी मागे, अगदी चालीच्या वेगाने. मॅलकी एका बाजूला बसला. दुसऱ्या बाजूला शालीवर नोराचा कोट ठेवला होता. पाऊस थांबून तळं स्वच्छ दिसत होतं. "ते बघ, नोरा," तो सांगत होता, "आपली होडी तिथे बांधायचो." तो सगळा रस्ता असाच बोलत राहिला. फिंटनने आरशात एकदाही पाहिलं नाही.

शाल मॅलकीने परत नेली नाही. ती अजून माझ्याकडेच आहे, कोंबड्या तिच्यावरच बसतात. मला गंज चढलाय. पण मला धुवा-पुसा, असं मी म्हणणार नाही. मित्रांनो, चिखलाने माखलेली गाडीही रस्ता तेवढाच कापते. कुणी खिडकीशी बसून तुमची वाट बघत असेल, तर तशाच निघा.