गाडीची खांदशेकणी

बॉनेट उघडल्यावर वैजयंतीला आत सापडलेल्या वस्तू अशा: सोयाबीनच्या रिकाम्या शेंगा दोनशे चौदा, बापाच्या धोतराचा वीतभर तुकडा, कुरतडून मऊ केलेला, गांधीलमाशांचं पोळं एक, रिकामं, लिंबू एक, सुकून काळं, सोबत मिरच्या पाच, आणि दहा नंबरचा पाना एक, जो चोरल्याचा आळ सहा वर्षं शेजारच्या हेमसिंगवर होता. जिवंत उंदीर शून्य. लेंड्या मोजून संपेनात, म्हणून तिने दहा सेंटिमीटरचा एक चौकोन आखला, त्यातल्या मोजल्या आणि गुणाकार केला.

"बाबा, अंदाजे अकराशे."

"काय अकराशे?" ओसरीवरून रामरावांनी विचारलं.

"लेंड्या."

"तीन वर्षं बीएस्सी केली, आन् हे मोजून राह्यली काय व तू?"

गाडी चौदा महिने कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, कोठ्यात उभी होती. उद्या पोळा होता, आणि उद्या तिने चालायलाच हवं होतं. रामरावांचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी बैलजोडी विकली. गावच्या पोळ्याच्या रांगेत त्यांच्या घराची जागा तोरणाच्या उजवीकडून तिसरी. आजोबाच्याही आधीपासूनची. नियम असा की जागा दोन वर्षं लागोपाठ रिकामी राहिली तर मागचा पुढे सरकतो. मागच्या वर्षी ती रिकामी राहिली होती आणि मागे, चौथ्या जागेवर, हेमसिंग होता. ट्रॅक्टर न्यावा म्हटलं तर रामरावांच्या शेतात फिरणारा ट्रॅक्टरही हेमसिंगचाच.

उरली गाडी. तोरण बांधणारे जगदेवआजा वयाने ऐंशीच्या पुढे. त्यांना विचारलं तर ते बराच वेळ तंबाखू मळत बसले आणि म्हणाले, "पोळ्याले येईन ते धुतलेलं पायजे, आन् आपल्या पायानं आलं पायजे. ढकलत आनलं तं मी पायनार नाही." चालेल म्हणाले नाहीत, चालणार नाही असंही नाही.

रामरावांनी सकाळीच विहिरीच्या मोटरचा पाइप अंगणात आणून ठेवला होता. बैल धुवायचा तर असाच, शिंगापासून खुरापर्यंत.

"बाबा, तो पाइप न्या तिकडं. वायरीत पानी गेलं की बसली गाडी."

"बैल कदी बसला व पान्यानं?"

"बैलाले वायरी नसतात."

मग तिने आपल्या पद्धतीने काम सुरू केलं. इंजिन थंड आहे याची खात्री केली. सापडलेल्या पान्यानेच बॅटरीची काळी तार आधी सोडली. वीज तयार करणारा अल्टरनेटर, हवेचा फिल्टर आणि ठिणगीच्या वायरींचं टोपण, तिन्ही प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधली. कोरड्या ब्रशने धूळ झाडली. एक भाग भांड्यांचा साबण, दहा भाग कोमट पाणी, जुना टूथब्रश, ओलं फडकं, मग कोरडं फडकं. बॅटरीच्या टोकांवर हिरवट-पांढरा थर चढला होता. त्यावर तिने सोड्याचं पाणी टाकलं, तसा तो फसफसून उठला.

"माह्या भज्याचा सोडा!" तुळसाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. "पोळ्याचा स्वयंपाक करू का तुह्या गाडीचं तोंड धुऊ?"

"आई, दोन चमचेच घेतला."

"मोजला असशीन तू. पन सांगून नेत जाय नं."

दुपारी किन्हीराजाहून भाड्याने आणलेला चार्जर लावला. बॅटरी सकाळी ११.८ व्होल्ट होती, संध्याकाळी १२.६ झाली. वहीत तिने लिहिलं: १२च्या खाली गेली तर स्टार्टर फिरणार नाही. मग ती आंघोळीला गेली.

परत आली तेव्हा अंगणात शिऱ्याचा वास सुटला होता. रामराव बॉनेटमध्ये वाकले होते. हातात कोमट तुपाची वाटी, बोटं हळदीने पिवळी, आणि पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे शेकताना बोलतात तसं ते गाडीशी बोलत होते.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"बाबा!"

"खांदशेकणी हाये आज. धुतलं तू, खांदे कोन शेकन?"

"गाडीले खांदे कुठचे?"

रामरावांनी दोन्ही चाकांवर आत उठलेल्या गोल उंचवट्यांवर बोट ठेवलं. तिथे पिवळं तूप चमकत होतं. "सारं वझं इथं येते. सांग, नाही येत?"

शॉक अब्सॉर्बर तिथेच बसतात, वझं तिथेच येतं. तिने फडकं घेतलं आणि तूप पुसून काढलं. आणखी कुठे लावलं का, ते विचारायचं राहिलं. रामरावांनीही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी चार वाजता डफडं वाजायला लागलं. वैजयंतीने किल्ली फिरवली. पहिल्याच फेऱ्यात इंजिन सुरू झालं, आणि लगेच आतून अशी किंकाळी उठली की तुळसाबाईंच्या हातातलं पूजेचं ताट कलंडलं.

"बाबा, फिरत्या पट्ट्याले काय लावलं?"

"तूप." रामराव म्हणाले. "कोरडा पडला व्हता. बैलाच्या घुंगराच्या पट्ट्याले लावत नाही काय?"

"हा पट्टा बैलाचा नाही, अल्टरनेटरचा हाये! हा घसरला की बॅटरी भरत नाही!"

पुसायला वेळ नव्हता. तिने पंखा, दिवे, सगळं बंद केलं. किंकाळी उतरून कुरकुरीवर आली. तीनशे मीटर ती पहिल्या गिअरमध्ये गेली. पुढे रामराव, खांद्यावर नवीन शेला टाकून, रिकामा कासरा हातात धरून चालत होते.

गाडी तिसऱ्या जागी उभी राहिली. मागे हेमसिंगचे बैल, शिंगांना बेगड लावलेले.

"जगदेवआजा," हेमसिंग ओरडला, "ही धुतली असन, चालत बी आली असन. पन हे जनावर व्हय का? याच्यात जीव हाये का? जीव असता तं काई बोललं असतं!"

माणसं हसली. जगदेवआजांनी तंबाखू थुंकला आणि रामरावांकडे पाहिलं. रामरावांनी कासरा मुठीभोवती गुंडाळला.

वैजयंतीने मनात हिशेब केला. दिवे लावले की अल्टरनेटरवर भार वाढेल, भार वाढला की तुपाचा पट्टा घसरून ओरडेल. बॅटरी मात्र उतरत जाईल. तिने दिवे लावले. मग पंखा, चार नंबरवर.

गाडी हंबरली. एकदा, लांब, खर्जातून सुरू होऊन वर चढत. बॉनेटच्या फटीतून तुपाचा धूर निघाला. क्षणभर डफडं थांबलं. मग हेमसिंगच्या डाव्या बैलाने मान उचलली आणि तसंच लांब उत्तर दिलं.

"हेमसिंग," जगदेवआजा म्हणाले, "तुह्या बैलानं वळख देल्ली. तू काहून देत नाही?"

"आजा, तो बैल येडा हाये!"

"तुह्याच घरचा हाये नं? मंग सर मांगं. तिसरी जागा रामरावची."

तुळसाबाईंनी बॉनेटला ओवाळलं, पुरणपोळी कुठे ठेवावी ते न कळून वायपरखाली ठेवली. हेमसिंग रामरावांजवळ येऊन हळूच म्हणाला, "दहा नंबरचा पाना सापडला म्हने?"

"कोनता पाना?" रामराव म्हणाले, आणि कासरा झटकून तोरणाकडे पाहू लागले.

तोरण तुटलं, पोळा फुटला. गाडी आपल्या पायाने घरी आली. वैजयंतीने इंजिन बंद केलं, अर्धा तास थांबली, मीटर लावला, मग स्वयंपाकघरात जाऊन तुपाचा डबा तोलला. वहीत तिने लिहिलं: तूप गेलं, बेचाळीस ग्रॅम. बॅटरी, १२.१ व्होल्ट. जागा, उजवीकडून तिसरी.