बापूचं सहावं वाक्य

"फवारून आले का पयले आंघोळ करू दे त्यायले, मंग बोलव तुह्या खेळात," असं हंसाबाईनं मला बजावलं होतं. मी हो हो म्हटलं आणि लॅपटॉपकडे वळले. ते ऐकलं असतं तर तिच्या नवऱ्याच्या, हरिसिंगभाऊंच्या जिवावर बेतलं नसतं.

खेळ म्हणजे मोबाइलवरचा गेम, फवारणी करताना विषबाधा कशी टाळायची हे शिकवणारा. पुण्याची एक कंपनी तो बनवत होती आणि त्यातल्या पात्रांचं बोलणं मी मारेगावात बसून लिहीत होते. यंदा, २०१७ ला, कपाशीची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, फवारा सरळ तोंडावर यायचा, आणि रोज कुणी ना कुणी यवतमाळला भरती व्हायचं. मी एम.ए. झालेली, मांडीवर आठ महिन्यांचा अश्वजित, आणि घरबसल्या लोकांचे जीव वाचवते आहे! नवऱ्याला हे मी रोज ऐकवायचे. तो बिचारा मान हलवून डबा भरून घ्यायचा.

पुण्यातल्या पायलनं ती लेव्हल आखली होती: कपाशीच्या बारा ओळी, एक पंप आणि बापू नावाचा फवारणारा. खेळणाऱ्यानं मास्क न घालता पंप उचलला की बापू बोलणार. चूक वाढत गेली की बापूची तब्येत आणि वाक्य दोन्ही बिघडत जाणार. चौथं वाक्य डोळे चुरचुरल्याचं, पाचवं तोंडाला पाणी सुटल्याचं, सहावं दिसेनासं झाल्याचं. "सात शब्दांच्या वर नको," पायल सांगायची, "खेळणारा थांबून ऐकत नाही."

चौथं वाक्य मी आधी लिहिलं होतं, "माझ्या नेत्रांचा दाह होत आहे." शेजारचे हरिसिंगभाऊ ते वाचून खो खो हसले.

"वैनी, हा बापू वावरात गेलता का तहसीलात?"

मग वाक्यं त्यांनीच सुधारली, आणि आवाजही त्यांचाच घ्यायचं ठरलं.

त्या दिवशी दुपारी चारला ते वावरातून थेट आले. अंगाला औषधाचा उग्र वास. दूधबाटली तीनदा हुंगणारी, दोन शिंकांवर डॉक्टरांना फोन लावणारी मी. मला तो वास लगेच आला. अश्वजितला आत नेलं, दार लावलं, फटीत ओलं फडकं कोंबलं. बाहेर येऊन पदर नाकाला लावला, हरिसिंगभाऊंना ओसरीच्या पार टोकाला बसवलं आणि म्हटलं, "भाऊ, पायलला पाचपर्यंत पाठवायचंय. आंघोळ मागून करा."

चौथं वाक्य पहिल्याच फटक्यात जमलं. पाचव्याला त्यांनी बाहीनं तोंड पुसलं. मी वहीत लिहिलं, 'छान'. सहाव्याला ते हातातला कागद डोळ्यांजवळ नेत म्हणाले, "वैनी, अक्षरं पुसली काय तुमी?"

"भाऊ, बापूला वैनी नाही. परत घ्या."

"दिसून नाही राह्यलं."

"हं, असंच. जरा अजून घाबरून."

त्यांनी घाबरून म्हटलं. मी रेकॉर्डिंग बंद केलं, "झालं" म्हटलं. तरी ते बोलतच होते.

"हंसा कुठं हाय? अंधार काहून पडला?"

अंगणात लख्ख ऊन होतं.

अशा वेळी काय करायचं ते मीच लिहिलेलं. नववं वाक्य. त्यातला एक शब्द आठवेल तर शपथ! मी लॅपटॉप उघडला आणि माणूस समोर कलंडत असताना माझंच वाक्य शोधून वाचलं: "कपडे काढा, साबणानं धुवा, डबा घ्या, दवाखाना." सात शब्द. पायलनं फार कौतुक केलं होतं.

माझ्या ओरडण्यानं हंसाबाई धावत आली. सदरा फाडून काढला, बादल्या ओतल्या, साबण चोळला. मी औषधाचा डबा पिशवीत घेतला. गल्लीतल्या गफ्फारभाईंनी गाडी काढली आणि आम्ही यवतमाळ गाठलं.

पाचव्या दिवशी भाऊ घरी आले. बाजेवर बसून विचारतात, "वैनी, थो बापू जिता हाय का मेला?"

"त्याला तीन जीव असतात, भाऊ."

"मंग मले एकच काहून देल्ला?"

"लय झालं हासणं," हंसाबाई करवादली.

मग भाऊंनी विचारलं, "उत्तमसिंगचं काही समजलं?"

उत्तमसिंग त्या दिवशी त्यांच्या बाजूच्या ओळीत दुसरा पंप मारत होता. ढाणकी गावाकडचा, वावरं फिरून फवारणी करणारा. दुपारीच "डोकं जड झालं" म्हणून बसमध्ये बसला. तेव्हापासून फोन बंद. आम्ही रोज लावतो.

ढाणकीकडे कुणी राहत असाल तर एवढं करा. तिशीचा, सडपातळ, उजवा अंगठा अर्धा तुटलेला. 'बरा आहेस का' एवढंच विचारून परतू नका, तो हो म्हणेल. त्याला घराबाहेर उजेडात उभा करा, आपला हात वर धरा आणि किती बोटं दिसतात ते विचारा.