न मोजलेला हात

मित्रांनो, मला स्वतःला हात नाहीत, पण माझ्याइतके हात दुसऱ्या कुणी पाहिले असतील असं वाटत नाही. मी पकड मोजायचा एक जुना काटा आहे. माणसाच्या मुठीत किती जोर आहे, ते मी सांगतो. आयुष्यात धक्के मी पुष्कळ खाल्ले. पण अलीकडे एका सत्कार समारंभात जो बसला, त्यातून मी अजून सावरलेलो नाही. म्हणून ही हकिकत सांगायला बसलो आहे. ती माझी आहे आणि तितकीच एका उजव्या हाताची आहे.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. रूपाने मी काही देखणा नाही. दोन लोखंडी दांड्या, त्यांच्यामध्ये मूठभर जागा आणि वर घड्याळासारखी गोल तबकडी. तबकडीवर दोन सुया आहेत, एक काळी आणि एक लाल. दांड्या दाबल्या की दोघी बरोबरीने पुढे जातात. हात सैल सोडला की काळी मुकाट्याने शून्यावर परत येते. लाल मात्र हट्टी आहे. जोर जिथवर पोचला तिथेच ती ठाण मांडून बसते आणि कुणीतरी मधली कळ फिरवून मागे आणेपर्यंत हलत नाही. कारागिराने मला पहिल्यांदा दाबलं तेव्हा मी केवढा दचकलो! आपल्या आत काही हलतं, हेच मला तोवर ठाऊक नव्हतं.

"बोलतोय बरं का हा," कारागीर शेजाऱ्याला म्हणाला आणि त्याने मला खोक्यात भरलं.

वाटेत मी मनातल्या मनात मांडे खात होतो. आपण एखाद्या व्यायामशाळेत जाणार, दणकट दंडांची माणसं आपल्याला दाबणार आणि बाकीचे तोंडात बोटं घालणार. खोकं उघडलं ते मात्र कामगार भरपाई कार्यालयाच्या तपासणीच्या खोलीत. काम करताना ज्यांना इजा होते, त्यांना त्याची भरपाई मिळवून देणारं हे कार्यालय. समोरच्या खुर्चीत एक सुतार बसला होता. त्याने मला धरलं आणि मी आतल्या आत गोठलो. दांडीवर चार बोटं टेकायला हवीत, तिथे दोनच टेकली होती. उरलेल्या दोन बोटांची जागा मोकळी होती आणि त्या मोकळ्या जागेतून मला खिडकीतला उजेड दिसत होता.

त्या खोलीत हातांवर उपचार करणाऱ्या एक तरुण फिजिओथेरपिस्ट होत्या. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचे. बाईंनी मला खालून तळहातावर तोलून धरलं होतं, म्हणजे सुताराच्या हातावर माझं वजन पडू नये. "जेवढं होतंय तेवढंच दाबा," त्या म्हणाल्या. "हं. आता परत एकदा." एका वेळच्या दाबण्यावर त्यांचा कधीच विश्वास नसे. तीनदा मोजल्याशिवाय त्या आकडा लिहीत नसत. त्यामुळे 'परत एकदा' हे शब्द मी जितके ऐकले, तितके स्वतःचं नावही ऐकलं नसेल.

मोजून झाल्यावर त्यांनी सुताराला विचारलं, "कसं झालं हे?"

"माझीच चूक, बाई," तो मान खाली घालून म्हणाला. "करवत चालू होती आणि माझं लक्ष नव्हतं."

मला वाटलं, आता संपलं याचं. पण बाईंनी पेन खाली ठेवलं. "चूक कुणाची ते मी विचारलंच नाही," त्या म्हणाल्या. "काम करताना झालं का, एवढंच सांगा."

"काम करतानाच झालं."

"मग झालं तर. तेवढंच लागतं."

पुढे मला कळलं की येणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी स्वतःलाच दोष देतो. शिवणयंत्राखाली बोट गेलेली तरुणी तेच म्हणायची, गोदामात ओझं उचलताना मनगट गेलेला गडीही तेच म्हणायचा. आणि बाई प्रत्येकाला तेच उत्तर द्यायच्या, त्याच आवाजात, कधीही न वैतागता. कायद्याचं अवघं सार त्या एका वाक्यात सांगून मोकळ्या व्हायच्या.

तपासणी झाली की उपचार सुरू व्हायचे. आखडलेली, वळेनाशी झालेली बोटं बाई स्वतःच्या उजव्या अंगठ्याने दाबून दाबून मोकळी करायच्या. सकाळी सुरू झालेलं ते दाबणं दिवे लागेपर्यंत चालायचं. मी टेबलावरून बघत असायचो. कुणाची मूठ पहिल्यांदा मिटली की बाई मला पुढे करायच्या, लाल सुई कालच्यापेक्षा पुढे गेलेली दाखवायच्या, आणि समोरचं माणूस कधी हसायचं, कधी रडायचं. माझे ते सोन्याचे दिवस होते. बाई रोज स्वतःच्या हाताने मला पुसायच्या.

आमच्या सुखात मिठाचा खडा टाकणारे एकच गृहस्थ होते, विमा कंपनीचे वकील. भरपाई शक्यतो द्यावी लागू नये, हे पाहणं त्यांचं काम. सुनावणीच्या खोलीत टेबलावर मला ठेवलेलं असायचं आणि हे माझ्याकडे बोट दाखवून न्यायाधीशांना म्हणायचे, "साहेब, हा माणूस मुद्दामच हलकं दाबतो आहे. हे सोंग आहे." पहिल्यांदा तो शब्द ऐकला तेव्हा मला विश्वासच बसेना. माझ्या दांड्यांवर त्या माणसाचा घाम अजून वाळला नव्हता. खोटं दाबणारा हात थंड आणि स्थिर असतो, मित्रांनो. खरा जोर लावणारा हात कोपरापर्यंत थरथरतो. मला ते आतून कळतं, पण माझं कोण ऐकणार? बाईच उठून उभ्या राहायच्या आणि शांतपणे तिन्ही वेळचे आकडे वाचून दाखवायच्या. आपल्या अहवालात 'सोंग' हा शब्द त्यांनी उभ्या जन्मात लिहिला नाही.

वकीलसाहेब आणि बाई यांचं वाद घालणं इतकं जुनं झालं की त्याला जवळजवळ मैत्रीची कळा आली. व्हरांड्यात चहा पिताना वकीलसाहेब बाईंची हुबेहूब नक्कल करायचे. "चूक कुणाची ते मी विचारलंच नाही," असं ते हात कमरेवर ठेवून म्हणायचे आणि बाईंसकट सगळे हसायचे.

वर्षं गेली. बाईंचे केस पांढरे झाले, माझ्या दांड्यांवरचा रंग उडाला. मग बाईंचं वागणं बदललं. आधी त्यांनी मला उचलणं सोडलं. खोलीची झाडलोट करणाऱ्या मावशींना त्या सांगायच्या, "तेवढा काटा टेबलावर ठेवता का?" पुसणंही मावशींकडे गेलं. लाल सुई मागे आणायची कळसुद्धा बाई फिरवीनाशा झाल्या. "तुम्हीच घ्या हं ती मागे," असं त्या पेशंटला सांगायच्या. मला भारी लागलं ते. एवढ्या वर्षांची सोबत आणि आता साधा हातही लावायचा नाही?

त्यातच पडद्यावर आकडे दाखवणारं नवं यंत्र आलं आणि माझी रवानगी कपाटात झाली. कपाटाच्या फटीतून मला टेबलाचा एक कोपरा दिसायचा. एकदा बाईंची लेक डबा घेऊन आली होती. बाईंनी डबा तिच्याकडेच सरकवला. "आई, झाकणसुद्धा मीच उघडायचं का? भारीच लाडावलीस तू आता," लेक हसत म्हणाली. बाईही हसल्या. मी मात्र कपाटात बसून म्हटलं, बघा, माज आला आहे.

मग एक दिवस कपाट उघडलं. मला घासूनपुसून चकचकीत केलं आणि एका मोठ्या सभागृहात नेलं. भरपाईच्या कामात आयुष्य घालवलेल्या माणसांचा तिथे सत्कार होता. डॉक्टर, वकील, न्यायाधीश, कारकून, सगळे नवे कपडे घालून आले होते. जुनी आठवण म्हणून मला व्यासपीठावर एका छोट्या टेबलावर ठेवलं होतं. सत्काराच्या यादीत शेवटचं नाव बाईंचं होतं. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. सन्मानचिन्ह चांगलं जड होतं. ते बाईंनी बोटांनी धरलं नाही, कोपराच्या बेचक्यात घेतलं आणि छातीशी धरलं. त्यामागचं कारण कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

कार्यक्रमाचे निवेदक म्हणजे आमच्याच कार्यालयाचे अधीक्षक. त्यांना मध्येच गंमत सुचली. "बाईंनी आजवर सगळ्यांचे हात मोजले," ते म्हणाले. "आज आपण बाईंचा हात मोजू या."

सभागृह खूश झालं. आणि माझ्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, की खरंच, हा हात मी कधी मोजलेलाच नाही. बाईंनी मला हजारदा धरलं ते बाहेरून, खालून. दांड्यांच्या मधल्या जागेत त्यांची बोटं कधी आलीच नव्हती.

"नको, नको," बाई म्हणाल्या. लोक ऐकेनात. त्यांनी डावा हात पुढे केला. पहिल्या रांगेतून वकीलसाहेब ओरडले, "उजवा, बाई, उजवा. कामाचा हात मोजायचा, नियम म्हणजे नियम."

बाईंनी सन्मानचिन्ह टेबलावर ठेवलं. मग त्यांनी उजव्या हाताने मला धरलं.

सुया किंचित हलल्या आणि थांबल्या. शून्यापासून जेमतेम दोन रेघा पुढे.

सभागृहात हशा पिकला. सगळ्यांना वाटलं, बाई पेशंटची नक्कल करत आहेत. मागून कुणीतरी पुकारलं, "परत एकदा!" वकीलसाहेब डोळे पुसत म्हणाले, "बाई, सोंग पुरे आता."

बाईंनी परत एकदा दाबलं. मित्रांनो, तो हात थरथरत होता. कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत थरथरत होता. अंगठ्याच्या मुळाशी सांधा करकरत होता आणि ती करकर माझ्या लोखंडात उतरत होती. लोक हसत होते आणि माझ्या अंगावर काटा उभा राहिला होता. दुसऱ्यांच्या हातांत जो जोर मी रोज वाढताना पाहिला, तो या हातातून गेला होता आणि मला पत्ता नव्हता. मी ज्याला माज म्हणत होतो, ते हे होतं.

तिसऱ्यांदाही सुया तिथेच थांबल्या. पहिल्या रांगेतली लेक उठून उभी राहिली. "झाकण," एवढंच ती म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. एकेक रांग करत हसू विझत गेलं.

"किती दिवस झाले हे, बाई?" अधीक्षकांनी कसंबसं विचारलं.

"बरेच," बाई म्हणाल्या. त्या ओशाळल्या होत्या, जणू भर सभेत त्यांची चोरी पकडली गेली होती. "अंगठा दुखायचा. पण समोर बोटं गेलेली माणसं बसायची हो. त्यांच्यापुढे माझ्या अंगठ्याचं काय सांगायचं? दाबायची पद्धत बदलायला हवी होती, ती बदलली नाही. माझीच चूक."

त्या सभागृहातलं प्रत्येक माणूस रोज हेच वाक्य ऐकत आलं होतं आणि तरी सगळे सुन्न झाले होते. हातांच्या या जाणत्या बाई भरपाईच्या कार्यालयात बसून स्वतः कामगार आहेत, हे कुणालाही सुचलं नव्हतं. त्यांना स्वतःलाही नाही.

वकीलसाहेब जागेवरून उठले. पायऱ्या चढून वर आले. मघाशी हसताना ओला झालेला चष्मा त्यांच्या हातातच होता. या वेळी त्यांनी कमरेवर हात ठेवले नाहीत.

"चूक कुणाची ते मी विचारलंच नाही, बाई," ते म्हणाले. "काम करताना झालं का, एवढंच सांगा."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"काम करताना," त्या म्हणाल्या.

"मग झालं तर."

अधीक्षक बिचारे गोंधळून पुढे झाले आणि सवयीने माझी कळ फिरवायला गेले. वकीलसाहेबांनी त्यांचं मनगट धरलं. "राहू द्या ती सुई," ते म्हणाले. "हा पुरावा आहे. गरज पडली तर साक्ष मी देईन."

बाईंचा भरपाईचा अर्ज गेला. उपचारही सुरू झाले, आमच्याच खोलीत, पण आता बाई टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसतात. मला कपाटातून काढून समोरच्या फळीवर ठेवलं आहे. लाल सुई त्या दिवशी थांबली तिथेच आहे.

पहिल्या दिवशी उपचार करणाऱ्या नव्या बाईंनी त्यांचा अंगठा हातात घेतला आणि विचारलं, "दुखतंय का?"

"नाही," बाई सवयीने म्हणाल्या. मग त्यांची नजर फळीवर, माझ्या लाल सुईवर गेली.

"हो," त्या म्हणाल्या. "खूप दुखतंय."

मित्रांनो, मी एक जुना काटा, तुम्हाला काय शिकवणार? एकच विनंती करतो. जो माणूस तुमचा दुखरा हात हातात घेतो, त्याला कधीतरी विचारा, तुमचा हात कसा आहे. तो म्हणेल, काही नाही, ठीक आहे. तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. परत एकदा विचारा.