पारोळ्याच्या मशीनची शर्यत

राग मला सहसा येत नाही. आला की मग तवा लागत नाही, कपाळावर भाकरी शेकते. त्या दिवशी दोन शेकल्या असत्या, वर मिरचीही भाजली असती.

आमच्या पारोळ्याच्या कापूस सोसायटीत (मी तिथला कारकून, सगळे नाना म्हणतात) कपाटाएवढं जुनं मशीन आहे. मेंदू एकच, पण वायरी ओढून आठ टेबलांवर आठ पडदे. आठ बाया एकाच वेळी त्याच्याकडून कापसाच्या पावत्या काढून घेतात. त्यांतल्या थोरल्या प्रमिलाबाई, मशीनची देखभालही त्यांचीच.

जळगावहून भूषण नावाचा विक्रेता नवा कॉम्प्युटर घेऊन आला. म्हणाला, "हा इतका पळतो की दोघी बायाही पुरतील."

चेअरमन नवलभाऊंचे डोळे चमकले. "शर्यत लावू. जुनं हरलं तर भंगारात, आणि सहा जणी घरी."

काम एकच दिलं: अख्ख्या हंगामाचा कापूस शेतकऱ्यागणिक मांडायचा. भूषणच्या कॉम्प्युटरनं त्याचा चहा निवायच्या आत ते उरकलं. आमच्याकडे चहा आला, कप धुतले, कप धुणारा लग्न लावून परत आला, तरी मशीन घुरघुरतच होतं.

"ही काय शर्यत?" मी ओरडलो. "एक मोकळा, अन् दुसऱ्याच्या पाठीवर आठ बाया!"

प्रमिलाबाईंनीही भूषणला सुनावलं, "तुना एकला पळस, आमना आठ जणेसले लईसन पळस!"

"बरं, बायांनो, हात काढा," नवलभाऊ म्हणाले.

हात काढले. तरी मशीन हलेना! भूषण हसला. प्रमिलाबाईंनी मशीनच्या पोटात कोणकोणती कामं चालू आहेत ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "नाना, आठ नही, बठ्ठा गाव बठेल शे!"

अख्खं गावच आत बसलेलं! झालं होतं असं. दर लक्ष्मीपूजनाला चेअरमन कुंकू लावून मशीनवर एक काम सुरू करतात, आणि पूजेचं काम बंद करणं अशुभ, म्हणून ते कुणी बंद करत नाही. तशी कितीक दिवाळ्यांची कामं आत चालूच होती. शिवाय संस्थापक झुलालआबांनी लावलेला कापसाच्या चढ्या भावाचा शोध. आबा जाऊन वर्षं झाली, पण मानापोटी तोही चालू. बिचारा एक मेंदू, सगळ्यांना घासघास भरवत होता, गेलेल्यांनाही!

"लक्ष्मी बंद करायची?" नवलभाऊ दचकले.

"लक्ष्मी कसली? ही फुकटी पंगत आहे, उठवा!" मी म्हटलं.

प्रमिलाबाईंनी एकेक काम बंद केलं. शेवटी हात जोडले. "आबा, आते आराम करा."

मग आठही जणी पावत्या काढत असताना पुन्हा तेच काम दिलं. भूषणनं पिशवीची चेन ओढेपर्यंत कागद बाहेर! खरं सांगतो, मशीन पुढच्या हंगामाचा कापूस मांडायला निघालं होतं, तो अजून पेरलाही नव्हता.

आम्ही टाळ्या पिटल्या. तर नवलभाऊ म्हणतात कसे, "एवढं पळतंय, तर आपल्या सोनगीरच्या खरेदी केंद्राचं कामही यालाच जोडू. बाया मात्र याच आठ."

पळणाऱ्या बैलाला बक्षीस काय, तर दुसरी गाडी! मी तोंड उघडणार, तेवढ्यात प्रमिलाबाई शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, पडदे हवे तेवढे जोडा. पण दर पडद्यामागे एक बाई ठेवा. आमचे हात दोनच."

आठही जणींनी हात मांडीवर ठेवले. पावत्या थांबल्या. फाटकाबाहेर कापसाच्या ट्रॅक्टरांचे हॉर्न सुरू झाले. एक, मग दहा, मग पार अमळनेरच्या रस्त्यापर्यंत.

"ठेवतो, बाई, ठेवतो!" नवलभाऊ ओरडले.

"मोठ्यानं सांगा," प्रमिलाबाई म्हणाल्या, "हॉर्नात ऐकू येत नाही."