सिस्टरच्या जीपमधला स्विच

मी सिस्टरच्या जीपमधला स्विच बोलतोय. स्टीअरिंगच्या शेजारचा, काळा, गोल. मला फिरवलं की माझा निरोप तारेतून ड्रायव्हरच्या सीटखालच्या डब्यात जातो, तिथून गिअरबॉक्सला, आणि मागच्या चाकांबरोबर पुढची दोन्हीही जोर लावतात. जमलं की समोर हिरवा दिवा लागतो. एवढंच माझं काम, पण चिखलाच्या चढावर तेच उपयोगी पडतं.

पहिली अकरा वर्षं मला एका ताडमाड ड्रायव्हरने फिरवलं. ते निवृत्त झाले आणि दवाखान्याने जीप सिस्टरच्या हाती दिली. सिस्टर ठेंगण्या. सीट पार पुढे ओढल्याशिवाय त्यांचा पाय क्लचला पोचत नाही.

तेव्हापासून माझे ग्रह फिरले. वरच्या वस्तीच्या चढावर त्या मला फिरवायच्या आणि दिवा नुसता मिचमिचायचा. गाडी निम्म्यात रुतायची. मी जीव तोडून निरोप धाडत होतो, पण तो पोचतच नव्हता.

गॅरेजच्या मिस्त्रींचं पोट मोठं. कुणाच्याही गाडीत बसण्याआधी सीट मागे ढकलायची, ही त्यांची सवय. ते बसले, मला फिरवलं, दिवा लख्ख!

"सिस्टर, गाडी ठणठणीत आहे. तुमचा हात बसला नसेल अजून."

उतरताना सीट परत पुढे करून ठेवायचे, एवढे मात्र सभ्य. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा त्यांनी सगळं खापर माझ्यावर फोडलं आणि नवा स्विच मागवला. मला फार लागलं ते.

पण सिस्टर हटणाऱ्यातल्या नव्हत्या. वरच्या वस्तीत एकीला नववा महिना लागला होता, पोटात मूल आडवं होतं, आणि तिला खाली आणायला ही एकच गाडी होती.

"माझ्याच हातात बिघडते ना? मग मी बसते, तुम्ही खाली मीटर लावा."

"अहो, त्याने काय फरक पडणार?"

"लावा तर खरं!"

मिस्त्रींनी कुरकुरत सीट मागे ढकलली आणि खालच्या डब्याला मीटर लावला. सिस्टरनी तशाच बसून मला फिरवलं, काटा वर गेला. त्यांनी सीट पुढे ओढली, काटा धाडकन खाली. मागे ढकलली, पुन्हा वर. मिस्त्रींनी गुडघे टेकून सीटखाली हात घातला. सीटच्या रुळात माझी तार चेंगरून तुटायला आली होती.

"चुकलं माझं, सिस्टर. तुमच्यासारखं बसून एकदाही बघितलं नाही मी."

त्यांनी तार जोडली, रुळापासून लांब बांधली. "आणि हा नवा स्विच?"

"परत करा. याने काय केलंय?"

मला अगदी भरून आलं.

आज वरून फोन आला, कळा सुरू झाल्यात. मागच्या बाजूला गादी अंथरून आम्ही चढाच्या पायथ्याशी उभे आहोत. माझ्यावरची अक्षरं झिजलीत, अंगातली जिद्द नाही. तुम्हाला एकच सांगणं आहे. कुणी तक्रार केली, तर त्याला वेड्यात काढण्याआधी एकदा त्याच्या जागी बसून बघा, आणि तेही सीट न सरकवता.

चला, फार बोललो. सिस्टर, फिरवा मला.