सुबाभळीचा पाला

सासऱ्यांनी बांधावर सुबाभूळ लावली आहे. खोडं वीज बनवणाऱ्या कारखान्यात जळायला जातात, पाला आमच्या शेळीला. महिनाभरात शेळीच्या पाठीचे केस झडले. माझा आठ महिन्यांचा टिंकू तिचंच दूध पितो. रोज त्याच्या डोक्यावरून हात फिरवून मी तळवा बघते. आज चार केस चिकटले.

"आई, हे दूध नको. या पाल्यानं केस जातात, कॉलेजात शिकवलं होतं."

"तुह्या कॉलेजात शेळ्या होत्या का वं?" सासूबाई हसल्या. "लेकराचं जावळ झडतेच."

असेलही. पण ते चार केस बघून मला सासूबाईंची भीतीसुद्धा वाटेनाशी झाली होती. मी दुधाची वाटी मोरीत ओतली. सासूबाईंनी उठून शेळीपुढचा पाला ओढून घेतला.

"दुकानातून दुधाचं पाकीट आण," त्या म्हणाल्या. "आता कायले उभी हायेस?"